एकशे नव्वद व्होल्टचा लीड

लातूरच्या बसस्थानकात ज्यांनी कधी गाडीची वाट बघितली असेल, त्यांनी ग्यानोबा हनमंते यांचा आवाज ऐकलाच असेल. चेहरा मात्र थोड्यांनीच पाहिला. चौकशीच्या खिडकीमागे माइकला जवळजवळ ओठ टेकवून ते एकोणीस वर्षं गाड्या पुकारत आले. त्यांनी "निलंगा, निलंगा, फलाट सात" म्हटलं की बाकावर पेंगणारा माणूस पिशवी उचलून उभा राहायचा, मग त्याला निलंग्याला जायचं असो नसो. हुद्दा वाहतूक नियंत्रकाचा, म्हणून आमची गल्ली त्यांना कंट्रोलर म्हणायची. त्यांच्या पत्नी रेणुकाताईसुद्धा रागावल्या की कंट्रोलरच म्हणत.

मूळचे ते अर्धापूरकडचे. आई सरजाबाई दुसऱ्यांच्या केळीच्या बागांत घड वाहायला जायची. ग्यानोबा शिकले, कंडक्टर झाले, आणि नांदेडला असताना एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राच्या वादकाकडून त्यांनी लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार घेतली. शिकवायला कोणी नव्हतं. मुक्कामी गाडीवर ड्यूटी लागली की गिटार बरोबर असायची. देगलूरकडच्या किती गावांनी त्यांचा सराव सहन केला असेल, देव जाणे. पुढं लातूरला बदली झाली. तिथं अश्वजित सोनकांबळे नावाचा खड्या गळ्याचा तलाठी भेटला आणि दोघांनी गाण्याची पार्टी काढली. जयंत्या, धम्म परिषदा, लग्नं, बारशी. ढोलकी होती, ऑक्टोपॅड होतं, की-बोर्ड होता. गिटार मंडपवाल्याच्या मिक्सरमधून वाजायची आणि ती वाजून राहिली आहे हे लोकांना सांगावं लागायचं.

मी त्यांच्या समोर राहतो. खाली बिऱ्हाड, वर माझा फिजिक्सचा क्लास. गल्ली मार्केट यार्डाच्या मागची, आणि गल्लीच्या टोकाला गुरुपादप्पा खानापुरे यांची डाळ मिल. पुढं जे झालं त्यात माझाही हात आहे, आणि तो काही फार अभिमानानं सांगण्यासारखा नाही.

ग्यानोबांची मुलगी ज्योत्स्ना बंगळुरूला नोकरीला आहे. तिच्या ऑफिसातल्या पोरांचा बँड फुटला आणि त्यांचा गिटारचा अॅम्प्लिफायर विकायला निघाला. बाबा निवृत्त व्हायला वर्षच राहिलं म्हणून तिनं तो घेतला आणि जानेवारीत घेऊन आली. चोवीस किलोचा काळा डबा. मागच्या जाळीतून काचेच्या नळ्या दिसत होत्या, जुन्या रेडिओत असत तसले व्हॉल्व्ह. चालू केलं की दोन मिनिटं काही होत नसे, मग नळ्या नारिंगी व्हायच्या आणि डबा चुलीसारखा ऊब द्यायला लागायचा. दोन घरं पलीकडच्या गुणाबाईंचे गुडघे थंडीत आखडतात. त्या रोज सकाळी येऊन डब्याला पाठ लावून बसू लागल्या. गिटार नाही वाजवली तरी चालेल, डबा तेवढा चालू ठेवत जा, असं त्यांनी ग्यानोबांना सांगून ठेवलं.

या डब्यातून दोन प्रकारचे आवाज काढायचे असतात. एक क्लीन. तार जशी वाजली तशीच ऐकू येते, सहा तारा एकदम छेडल्या तरी सहाही वेगळ्या मोजता येतात. दुसरा लीड. त्यात आवाज उकळून उतू गेल्यासारखा होतो, कडा फाटतात, सूर लांबत राहतो आणि ढोलकी-बिलकी सगळ्यांच्या वर जाऊन गातो. ग्यानोबांनी मला हे समजावताना क्लीन म्हणजे रिकाम्या स्टँडवर केलेली पुकार आणि लीड म्हणजे दिवाळीच्या गर्दीतली, असं सांगितलं. मला एवढ्यानं कळलं.

डब्यावर बटणं पाच: गेन, बास, मिडल, ट्रेबल आणि मास्टर. कुठलं किती फिरवायचं हे वादक लोक घड्याळाच्या काट्यासारखं लक्षात ठेवतात, दहावर, बारावर, दोनवर. ज्यानं सगळी हयात वेळापत्रकात घातली त्याला हे फारच मानवलं. पण नुसतं दहा, बारा त्यांना पुरेना. त्यांनी मिनिटांपर्यंत जाऊन तक्ता केला आणि वाजवताना दिसावा म्हणून दाराच्या फळीवर चिकटवला. क्लीन: गेन ८.४५, बास १०.१५, मिडल १२.००, ट्रेबल १.३०. त्याखाली लीड: गेन २.४५, बास ९.५०, आणि पुढची जागा कोरी.

दार दिवसभर उघडं असायचं. एका दुपारी गुणाबाईंचे निलंग्याचे भाऊ बहिणीला भेटून परत निघाले, त्यांनी तक्ता वाचला आणि ओट्यावर बसले. कंट्रोलरच्या दारावरचं वेळापत्रक चुकीचं कसं असेल. अर्धा तास बसल्यावर त्यांनी मला विचारलं, की बास हे गाव औशाच्या अलीकडं का पलीकडं, आणि पावणेतीनची गेन निलंग्यावरून जाती का. मी त्यांना स्टँडवर सोडून आलो. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं की लीडला पुढच्या वेळा का लिहिल्या नाहीत, गाडी बंद झाली का.

गाडी बंद झाली नव्हती, पण खोळंबली मात्र होती. क्लीन पहिल्याच आठवड्यात सापडला होता. लीड सापडेना. मिडलबद्दल ग्यानोबांचं मत पक्कं होतं. नवशिके मिडल कमी करतात, कारण एकट्यानं वाजवताना तसं गोड लागतं, आणि मग पार्टीत गिटार हरवते. माणसाचा आवाज मिडलमध्येच असतो. स्टँडच्या भोंग्यात दुसरं काही नसतंच, म्हणून तर गर्दीतून गावाचं नाव कानावर येतं. तेव्हा मिडल दोनच्या पुढं न्यायचं, ट्रेबल अकराच्या मागं ओढायचं. हे सगळं बरोबर होतं. तरी आवाज कोरडा यायचा, पत्र्यावर खडे टाकल्यासारखा.

आणि मग एका रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो आला. मी क्लासमध्ये फळ्यावर लिहीत होतो. एकच सूर, लांब, तुपासारखा, शेवटी थोडा फाटत गेलेला. माझे साठ विद्यार्थी वह्या सोडून खिडकीशी गेले. खाली ग्यानोबा तारेवर बोट दाबून, डोळे मिटून उभे होते. त्यांनी बटणांच्या वेळा भराभर तक्त्यात भरल्या. दुपारी दीडला जेवून उठले, तक्त्याप्रमाणे सगळं लावलं, आणि परत पत्र्यावर खडे.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी कारणं शोधली. गिटारची वायर बदलली, तारा बदलल्या, डबा देव्हाऱ्याच्या... म्हणजे त्यांच्या घरात बुद्धमूर्तीच्या फळीखाली होता तो तिथून हलवून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला. रेणुकाताईंनी तो परत हलवला. ज्या रविवारी आवाज आला त्या दिवशी सकाळी मुरमुऱ्यांचा सुशीला खाल्ला होता हे आठवून चार दिवस सुशीलाच खाल्ला. लीड कधी यायचा, कधी नाही. शेवटी ते वर माझ्याकडं आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही फिजिक्स शिकवून राहिलात, तर हे एवढं सांगा. सकाळचा सूर दुपारी जातो कुठं?"

मी मीटर घेऊन खाली गेलो. एक दिवस पुरला. सकाळी दहाला गुरुपादप्पांची मिल चालू होते आणि गल्लीचा व्होल्टेज दोनशे अडतीसवरून एकशे ऐंशीच्या आसपास उतरतो. एक ते दोन जेवणाची सुट्टी, तेव्हा परत वर. कमी व्होल्टेजवर व्हॉल्व्हला लवकर धाप लागते, आणि धाप लागलेला व्हॉल्व्ह सुराच्या कडा फाडतो. ती फाटच ग्यानोबांना हवी होती. मिल चालू असली की लीड उत्तम, पण क्लीन घाण. मिल बंद असली की क्लीन आरशासारखा, पण लीडचा पत्रा. मी हे सांगितलं तेव्हा ग्यानोबांनी गिटार उतरवून भिंतीला टेकवली.

मिलवर जाणं त्यांना अवघड होतं. मिलमुळं गल्लीचा व्होल्टेज पडतो, पंखे फिरत नाहीत, नवा ट्रान्सफॉर्मर द्या, असा अर्ज अकरा वर्षं दरवर्षी विजेच्या ऑफिसला जात होता, आणि त्यावर पहिली सही ग्यानोबा हनमंते यांची होती. अकरा वर्षं गुरुपादप्पा आणि ते एकाच गल्लीत राहून एकमेकांशी फक्त अर्जातून बोलत होते.

तरी ते गेले. मलाही नेलं. गुरुपादप्पा मिलच्या ओट्यावर, कपाळाला विभूती, अंगावर डाळीची पिवळी पूड, असे बसले होते. ते मूळचे निलंग्याचे, सत्तरीला आलेले, आणि तुरीच्या दाण्याखेरीज जगात कशातच त्यांना रस नाही असा सर्वांचा समज होता. ग्यानोबांनी सगळं सांगितलं. मिल बंद करा असं सांगायला आलेत असं समजून अप्पा आधी आखडून बसले होते. चालू करा असं मागणं आहे हे कळायला त्यांना वेळ लागला.

"म्हणजे माझ्या मिलनं तुमचं वाजणं चांगलं होतंय," ते म्हणाले.

"अर्धं चांगलं होतंय अप्पा. अर्धं बिघडतंय. म्हणून विचारायला आलो."

अप्पा उठले, धोतर झटकलं आणि ऐकायला चला म्हणाले. ग्यानोबांच्या घरात ते त्या दिवशी पहिल्यांदा आले. खुर्ची दिली तर डब्याजवळ खालीच बसले, गुणाबाईंच्या शेजारी. मिल चालू असताना लीड ऐकला, मग मुकादमाला फोन करून सगळी यंत्रं बंद करायला लावली आणि तेच परत ऐकलं. मग त्यांनी निवाडा दिला. मिल बंद असतानाचा लीड म्हणजे चुनी, नुसता तुकडा आणि टरफल. चालू असतानाचा म्हणजे भिजवून, वाळवून, नीट फुटलेली डाळ. पण त्यातही, ते म्हणाले, थोडा भुसा आहे, एखादं यंत्र जास्त होतंय.

मला ते काही पटलं नाही. पण त्यांनी एकेक मोटार बंद करायला लावली. डाळ चमकवणारा पॉलिशर बंद, दाणा सोलणारा रोलर आणि माल वर नेणारा एलिव्हेटर चालू, असं केल्यावर मीटरवर एकशे नव्वद आले आणि डब्यातून जो सूर निघाला तो ऐकून गुणाबाई डोक्यावर पदर घेऊन बसल्या.

त्या दिवसापासून रोज चार ते पाच तालीम सुरू झाली. दारावरच्या तक्त्यात दोन रकाने वाढले: रोलर, पॉलिशर. चौदा एप्रिल जवळ येत होता, गल्लीच्याच मैदानात कार्यक्रम होता, आणि ग्यानोबांना एकाच गाण्यात क्लीनवरून लीडवर जायचं होतं. दुसरे वादक पायाखालचं बटण दाबून जातात. ग्यानोबांनी दाराच्या बेलचं बटण आणलं, स्टेजवर पायाशी ठोकलं आणि त्याची वायर विजेच्या खांबांवरून न नेता घरांच्या छपरांवरून मिलपर्यंत नेली. बाजारात मिळाली ती बेल बोलणारी होती. इथं ग्यानोबांनी पाय दाबला की तिकडं मिलमध्ये एक बाई हिंदीत दार उघडायची विनंती करायची, आणि अप्पा रोलरचा स्टार्टर ओढायचे. रोलरला वेग घ्यायला आठ सेकंद लागत. म्हणून लीड यायच्या दोन ओळी आधी पाय दाबावा लागे. अश्वजितचा गळा कितीही रंगला तरी त्याला ओळ लांबवायला मनाई होती. तो चिडायचा. म्हणायचा, मी डाळ मिलच्या मापानं गाणार नाही. पण गायचा.

चौदा एप्रिलला संध्याकाळी सातला मैदान भरलं होतं. पहिलंच गाणं. क्लीनमध्ये सुरुवात झाली, आवाज पाण्यासारखा. दुसऱ्या कडव्यात ग्यानोबांचा पाय खाली गेला. आठ सेकंदांनी पूर्ण गल्लीचे दिवे मंदावले. स्टेजवरचे हॅलोजन तांबूस झाले, कमानीवरच्या माळा निखाऱ्यासारख्या झाल्या, अश्वजितचा माइक दबला, आणि त्या अर्धवट उजेडात गिटारचा सूर एकटा वर चढला. हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. व्होल्टेज सगळ्यांचाच पडणार होता. लोकांना वाटलं हे मुद्दाम बसवलेलं आहे. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सूर संपला, पाय दाबला, दिवे उजळले, परत टाळ्या. त्या कार्यक्रमात नऊ वेळा गल्ली मावळली आणि उगवली.

मध्ये पाहुण्यांचं भाषण होतं. ते पंचविसाव्या मिनिटाला पुढं सरकून बोलू लागले आणि त्यांचा बूट बटणावर पडला. दिवे उतरले, माइक बसत गेला. पाहुण्यांना वाटलं हा वेळ संपल्याचा इशारा असावा. त्यांनी आयोजकांच्या शिस्तीचं कौतुक करून दोन वाक्यांत आवरतं घेतलं. दुसऱ्या दिवशी तीन मंडळांचे लोक प्रकाशयोजना कोणाची होती हे विचारायला आले. त्यांना मिलवर पाठवलं. अप्पांनी त्यांना रोलर दाखवला.

त्या आठवड्यात अप्पांचं चालणं बदललं. आडतीवर गेले तरी ते तुरीचा भाव विचारायच्या आधी कार्यक्रमाचं सांगत. पॉलिशर बंद ठेवल्यामुळं एक गाडी डाळ अर्धवट पॉलिशची गेली. त्याबद्दल गिऱ्हाइकानं विचारलं तेव्हा त्यांनी ती वाजवताना निघालेली आहे असं उत्तर दिलं.

आणि मेच्या पहिल्या आठवड्यात गल्लीत क्रेन आली. अकरा अर्जांची दखल घेतली गेली होती. नवा ट्रान्सफॉर्मर बसला. विजेच्या ऑफिसच्या साहेबांनी ग्यानोबांना मुद्दाम बोलावून घेतलं, अर्जदार म्हणून नारळ त्यांनाच फोडायला सांगितला. ग्यानोबांनी फोडला, पेढा खाल्ला, घरी आले, मीटर लावलं. मिल पूर्ण जोरात चालू होती आणि काटा दोनशे बत्तीसवर. त्यांनी लीड लावून बघितला. पत्रा.

पंखे आता गरगरा फिरत होते. लोक खूश होते. मिलच्या मोटारी तापेनाशा झाल्या, माल लवकर निघायला लागला, आणि अप्पांइतका दुःखी माणूस मी त्या उन्हाळ्यात पाहिला नाही. चार वाजले की ते ओट्यावर येऊन ग्यानोबांच्या घराकडं तोंड करून बसत. बेल तशीच भिंतीवर होती.

शेवटी दोघं मिळून विजेच्या ऑफिसला गेले. नवा ट्रान्सफॉर्मर काढून जुना बसवा, असं त्यांचं म्हणणं होतं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. व्होल्टेज कमी असल्याच्या तक्रारीचा नमुना आहे, बरोबर असल्याच्या तक्रारीचा नाही, असं ते म्हणाले. तरी लेखी द्या, वर पाठवतो. अर्ज वजनदार व्हावा म्हणून तो इंग्रजीत लिहायचं ठरलं, आणि तो मी लिहिला. माझा हात आहे म्हणालो तो हा. मी लिहिलं की आमच्या गल्लीत पूर्वी भरपूर लीड येत असे, नव्या ट्रान्सफॉर्मरनंतर लीड येणं पूर्ण थांबलं आहे, तरी ते पूर्ववत करावं. इंग्रजीत लीडचं आणि शिशाचं स्पेलिंग एकच असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तीन आठवड्यांनी पाणी तपासणारा एक गृहस्थ पेटी घेऊन आला. अर्ज कुठून कुठं फिरला होता कोण जाणे. त्यानं गल्लीतल्या सात नळांचे नमुने घेतले, गुणाबाईंना पोटात दुखतं का विचारलं (त्यांनी गुडघ्याचं सांगितलं), आणि ग्यानोबांना पूर्वी भरपूर येत असे म्हणजे साधारण किती, ते लिहून घ्यायला लागला. ग्यानोबा म्हणाले, रोज सकाळी दहा ते एक आणि दोन ते सहा. त्यानं तसं लिहिलं. पुढं पंधरा दिवसांनी शिक्क्यानिशी अहवाल आला, की या वस्तीत लीड अजिबात आढळून आलेलं नाही, रहिवाशांनी निश्चिंत राहावं.

ग्यानोबांनी अहवाल दोनदा वाचला आणि माझ्याकडं दिला. "हेच तर आपण कळवलं होतं," ते म्हणाले. मग रेणुकाताईंनी विचारलं, की सर, तुम्ही पोरांना क्लासमध्ये व्होल्टेज कमी-जास्त करून दाखवता, ते कशानं करता?

क्लासच्या कपाटात, भिंगांच्या खोक्यामागं, माझा डिमरस्टॅट होता. गोल, वर एक मोठी मूठ. मूठ फिरवली की शून्यापासून दोनशे सत्तरपर्यंत हवा तो व्होल्टेज मिळतो. दरवर्षी मी तो साठ पोरांना दाखवतो. जानेवारीपासून जूनपर्यंत तो माझ्या डोक्यात आला नाही. मी वर गेलो, तो पुसून खाली आणला, डब्याला जोडला, एकशे नव्वदवर आणला, आणि ग्यानोबांनी तार छेडली. सूर आला. दोनशे पस्तीसवर नेला, क्लीन आला. दिवे न मंदावता, डाळ न बिघडता. गुणाबाई पंख्याखालून म्हणाल्या, की एवढंच होतं तर उन्हातान्हात ऑफिसला कशाला गेला होतात.

ग्यानोबांना आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण ते खिडकीतून मिलच्या ओट्याकडं बघत होते. चार वाजले होते आणि अप्पा येऊन बसले होते. सूर त्यांनीही ऐकला असणार, कारण ते ताठ बसले होते, आणि त्यांचं यंत्र तर सकाळपासून दुरुस्तीला बंद होतं. ग्यानोबा चप्पल न घालता गेले. काय बोलले ते इथवर ऐकू आलं नाही. परत आले ते अप्पांना घेऊनच. अप्पा डिमरस्टॅटपुढं बसले, मुठीवर हात ठेवला, आणि पहिला प्रश्न विचारला, की पॉलिशर कुठल्या आकड्यावर आहे.

हे यंत्र वादकानं पायानं चालवायचं नसतंच, ते चालवायला स्वतंत्र माणूस लागतो, असं ग्यानोबांनी सांगितल्याचं अप्पा म्हणाले. ते खरं नव्हतं, डिमरस्टॅट एकशे नव्वदवर ठेवून पायाच्या बटणानं काम भागलं असतं. मी तसं बोलणार होतो, पण रेणुकाताईंनी माझ्यापुढं चहा ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

पुढच्या कार्यक्रमापासून स्टेजवर गिटारच्या डावीकडं एक खुर्ची वाढली. पांढरं धोतर, विभूती, मांडीवर टॉवेल, त्यावर डिमरस्टॅट. अश्वजितचीही ओळ लांबवायची मनाई उठली. अप्पा आता आठ सेकंद घेत नव्हते.

डिसेंबरात त्यांच्या पुतणीचं, दामिनीचं, निलंग्याला लग्न होतं. अप्पांनी पार्टी ठरवली. साडेबाराचा मुहूर्त. आम्ही सकाळी एसटीनं पोचलो आणि ग्यानोबांनी मीटर लावलं तर जेमतेम दोनशे. आजूबाजूला ऊसच ऊस, सगळ्या मोटारी चालू. डबा नुसता चालू केला तरी लीडच येत होता, क्लीन कुठल्याच बटणावर येईना. लग्नात येणाऱ्यांचं स्वागत तापलेल्या गिटारनं करायचं का, असा प्रश्न पडला. ग्यानोबा बटणांशी झटत बसले होते. अप्पांनी मूठ हातात घेतली आणि उलट्या बाजूला फिरवायला सुरुवात केली, वर, जिथं त्यांनी ती कधी नेली नव्हती. दोनशे सत्तरच्या खुणेला टेकवली. क्लीन आला.

अक्षता झाल्या, गाणी सुरू झाली. तिसऱ्या गाण्यात अचानक शेतीची लाइन गेली. उसातल्या मोटारी एकदम थांबल्या आणि मंडपाचा व्होल्टेज उसळला. डबा वरच्या खुणेवर होता. तसाच राहिला असता तर व्हॉल्व्ह उडाले असते. ग्यानोबांचे दोन्ही हात गिटारवर, त्यांनी मान वळवली तेव्हा अप्पांनी मूठ आधीच खाली ओढली होती. मीटरकडं त्यांचं लक्ष नव्हतं. डोळे मिटलेले होते. मी नंतर विचारलं, तुम्हाला कळलं कसं. ते म्हणाले, सूर टणक झाला, दाणा न भिजता रोलरवर गेल्यासारखा.

ग्यानोबांनी पुढचं कडवं वाजवलं नाही, नुसते उभे राहिले. मग अश्वजितनं त्यांना कोपरानं ढोसलं.

जेवणाच्या पंगतीत अप्पांच्या सत्तरी-पंच्याहत्तरीच्या नातेवाइकांनी त्यांना घेरलं. या वयात हे काय, आणि तू नेमकं वाजवतोस काय, असं एकानं अर्धं कन्नडात, अर्धं मराठीत विचारलं.

"व्होल्ट," अप्पा म्हणाले आणि आमटी वाढून घेतली.

ग्यानोबा त्याच महिन्यात निवृत्त होणार होते. दामिनीचे सासरे उदगीरचे. त्यांनी जाताना दोघांना बाजूला घेऊन विचारलं, की आमच्याकडं माघात कार्यक्रम कराल का, वीज आमची चांगली आहे. ग्यानोबा लगेच हो म्हणणार होते. अप्पांनी त्यांच्या दंडाला हात लावून थांबवलं. उदगीरचा व्होल्टेज आधी स्वतः येऊन ऐकावा लागेल, त्याशिवाय शब्द देता येणार नाही, असं त्यांनी व्याह्यांना सांगितलं.